पात्यासाठी मशीन घेताना

(छत्रपती संभाजीनगर येथे लोहारकाम करणाऱ्या स्त्रियांच्या शिबिरात दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



आजचा विषय फळ्यावर वाचून बाहेरगावाहून आलेल्या आपल्या काही कार्यकर्त्या जरा बुचकळ्यात पडल्यात, हे मला इथून दिसतंय. कायदा, आरोग्य, हिंसाचार हे आपले नेहमीचे विषय. त्यांच्या रांगेत विळ्या-कोयत्याचं पातं घासायचं मशीन कुठून येऊन बसलं? ते आलं इथे पुढच्या सतरंजीवर बसलेल्या बायकांकडून. गटात थोडे पैसे जमलेत, पातं घासायला मशीन घ्यायचंय, तर कोणतं घेऊ, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. दुकानदार एक सांगतो, घरातले पुरुष दुसरं सांगतात, मोबाइलवरच्या व्हिडिओत तिसरंच दिसतं. या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचं तर मोटर, पट्टा, दगड यांच्याबद्दल बोलावं लागेल, आणि बोलता बोलता आपले ते नेहमीचे विषयही त्यात येणारच.

आधी काम कसं चालतं ते पाहू. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात किंवा कुठल्याही तालुक्याच्या रस्त्याकडेला घिसाडी कुटुंबाचं पाल असतं, तिथे घटकाभर उभ्या राहा. भट्टीवर लाल झालेला पाट्याचा तुकडा सांडशीत धरून पुरुष बसलेला असतो. त्याच्या हातात लहान हातोडा. तो हातोड्याने जागा दाखवतो आणि समोर उभी राहून घण कोण घालतं? बाई. भाता फिरवणारी बाई किंवा मुलगी. कोळसा आणणारी, भंगारातून ट्रकच्या कमानीचे पाटे निवडून आणणारी, तयार माल डोक्यावर घेऊन गावोगाव विकणारी बाई. तरी लोहार कोण, असं विचारलं तर बोट त्याच्याकडेच जातं. आपल्या भाषेत लोहारीण हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ लोहाराची बायको. कुंभारीण, माळीण, सुतारीण, सगळ्या अशाच. घण मारणाऱ्या बाईसाठी शब्दच नाही.

आणि भाषेचंच निघालं म्हणून सांगते. गडबडीत उरकलेल्या कामाला आपण घिसाडघाई म्हणतो. ज्यांच्या धंद्यात क्षणाची घाई झाली तर बोट जातं, त्यांच्या नावावर आपण घाईचं खापर फोडून मोकळे झालो!

पातं ऐरणीवर घडतं, पाणी दिलं जातं, पण तेवढ्याने ते विकायला तयार होत नाही. त्यावर काळी खपली असते, जाडी सारखी नसते, धारेची उतरण काढायची असते. हे घासायचं काम आजवर कानशीने आणि दगडाने होत आलं. एका पात्याला अर्धा-पाऊण तास, आणि मनगटाची वाट. म्हणूनच पुष्कळदा कच्चं, काळं पातं व्यापारी उचलतो, मशीनवर घासतो, मूठ बसवतो आणि चकचकीत माल म्हणून विकतो. घणाचे घाव आपले, घासण्याची किंमत त्याची. मशीन घ्यायचं ते ही घासण्याची किंमत आपल्याकडे राहावी म्हणून. हे डोक्यात पक्कं ठेवा, कारण मशीन घेऊनही ती हातातून जाऊ शकते.

कशी जाते, ते आपल्या आज्यांनी पाहिलेलं आहे. जातं बाईच्या हातात होतं. पिठाची गिरणी आली, बाईची पहाटेची मोडती कंबर वाचली, फार चांगलं झालं, जात्याकडे परत जा असं कुणी म्हणत असेल तर तिने आधी स्वतः पायलीभर ज्वारी दळून दाखवावी. पण गिरणीचा मालक कोण झाला? बटण दाबणारा कोण झाला? दळणाची रांग मात्र बायकांची राहिली. पट्टा मोटरला जोडला की काम ‘तांत्रिक’ होतं, आणि तांत्रिक झालं की ते पुरुषाचं होतं, अशी आपल्याकडे रीत आहे. पात्याच्या बाबतीतही हेच होईल: सँडर त्याच्याकडे आणि घण तिच्याकडे. म्हणजे हलकं काम पुरुषाला आणि जड काम बाईला! आणि तरी बायका नाजूक असतात म्हणायचं.

ऊसतोडीतल्या बहिणींना हे वेगळं सांगायला नको. तिथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. माणसं मोजायचं माप म्हणून एक पातं. उचल बहुधा त्याच्या हातात जाते, आणि तिचे श्रम त्या कोयत्याच्या मुठीत कुठेतरी मिटून जातात.

आता मशीनकडे येऊ. दुकानात जाऊन ‘सँडर द्या’ म्हणालात तर तुम्हाला बहुतेक सुताराचा सँडर दाखवतील, खाली चौकोनी किंवा गोल पॉलिश पेपर लावून थरथरणारा, मागे भुशाची पिशवी असलेला. तो लाकडासाठी आहे. मुठी गुळगुळीत करायला चांगला, पात्याला निरुपयोगी. शिवाय त्या पिशवीत लाकडाचा भुसा असताना त्यावर लोखंड घासलं तर ठिणगी भुशात जाऊन पिशवी पेटू शकते. मुठीचं मशीन आणि पात्याचं मशीन वेगळं ठेवा, भुसा आणि लोखंडाची पूड एकत्र साठू देऊ नका.

दुसरं, आणि सगळ्यात स्वस्त म्हणून सगळ्यात आधी घेतलं जाणारं मशीन म्हणजे हँड ग्राइंडर. चार इंची चकती, मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे. दोन-अडीच हजारांत मिळतो, पिशवीत घालून पालासोबत हलवता येतो, फ्लॅप डिस्क लावली की खपली भराभर निघते. बिऱ्हाड पाठीवर असलेल्या कुटुंबाला याचा मोह पडला तर मला नवल वाटत नाही. पण यात पातं स्थिर आणि मशीन हातात, म्हणजे सगळा भार आणि थरथर मनगटावर, दिवसभर. चकती पात्याच्या कडेला अडकली की मशीन उसळी घेतं. बहुतेक जण त्यावरचं लोखंडी कवच पहिल्याच दिवशी काढून फेकतात, कारण ते ‘मध्ये येतं’. ते मध्ये यायलाच बसवलेलं असतं, बाई! आणि काही महाभाग त्यावर लाकूड कापायची दातेरी चकती बसवतात. तसं मशीन कुणी हातात दिलं तर घेऊच नका.

तिसरं, दोन दगडांचं टेबल ग्राइंडर, धार लावणाऱ्याकडे असतं ते. सहा इंची दगड, मिनिटाला सुमारे 2,800 फेरे. कुदळ, पहार शेवटल्यावर टोक काढायला हे चांगलं. नवा दगड बसवण्याआधी, माठ घेताना मारतो तशी टिचकी मारून बघायचा. लाकडी मुठीने हलकेच ठोका. टणत्कार आला तर ठीक, बद्द आवाज आला तर दगडाला तडा आहे, आणि तडा गेलेला दगड वेगात फुटतो. हात टेकायची पट्टी आणि दगड यांच्यात 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, नाहीतर पातं आत ओढलं जातं. पण पातळ, लांब पात्याला हा दगड मला पसंत नाही. तो फार लहान जागेत घासतो, तिथेच उष्णता साठते आणि पात्याचं पाणी उतरतं.

हे पाणी उतरणं नीट समजून घेऊ, कारण सगळी निवड त्यावर आहे. पाणी दिलेल्या पोलादाची धार साधारण 200 अंशांच्या वर तापली की मऊ पडायला लागते. आधी गवतासारखा पिवळा रंग येतो, मग जांभळा, आणि 300 च्या जवळपास निळा. धार निळी पडली म्हणजे तुमच्या घणाची, भट्टीची, पाण्याची सगळी मेहनत दोन सेकंदांत गेली. गिऱ्हाईक चार दिवसांनी येऊन म्हणतं, बाई, तुमचा विळा लगेच बोथट होतो. म्हणून शेजारी पाण्याची बादली हवी, दर एक-दोन घाशींनंतर पातं बुडवायचं, आणि हातात मोजे घालायचे नाहीत. मोजा फिरत्या भागात अडकतो हे एक कारण, आणि उघड्या बोटाला चटका कळतो हे दुसरं. बोटाला सोसवत नाही, तेव्हाच पात्यालाही सोसत नाही.

म्हणून माझं मत चौथ्या मशीनला, बेल्ट ग्राइंडरला. दोन-तीन चाकांवरून फिरणारा दोन इंच रुंद घासपट्टा. पट्टा लांब असल्यामुळे प्रत्येक भागाला फिरून येईपर्यंत थंड व्हायला उसंत मिळते, त्यामुळे पातं कमी तापतं. मशीन स्थिर, पातं दोन्ही हातांत, कोपर अंगाला टेकवून घासता येतं. जोर मनगटाऐवजी अंगाच्या झुकण्यातून येतो. सपाट पाट्यावर पातं सरळ होतं, चाकावर धारेची उतरण निघते, आणि मोकळ्या पट्ट्यावर विळ्याची बाकदार पाठ फिरवता येते. महाग आहे, हँड ग्राइंडरच्या कितीतरी पट. पण आपल्या शहरात वाळूज आहे, चिकलठाणा आहे, फॅब्रिकेशनची कामं करणारी छोटी दुकानं गल्लोगल्ली आहेत. मोटर, चाकं आणि चौकट त्यांच्याकडून जोडून घेता येते. एका पालाला जे झेपत नाही ते पाच जणींना मिळून झेपेल.

घेताना वेगाचा हिशोब स्वतः करा. मिनिटाला 1,440 फेऱ्यांची मोटर आणि त्यावर चार इंची चाक, म्हणजे पट्टा मिनिटाला साधारण 460 मीटर पळतो. 2,880 फेऱ्यांची मोटर घेतली तर त्याच्या दुप्पट, 920. दुकानदार वेगवान मोटर विकायला बघेल, काम पटापट होतं म्हणून. शिकाऊ हाताला आणि शेवटच्या सफाईला कमी वेगच हवा. वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण मिळतं, पण ते महाग, आणि बिघडलं तर गावात दुरुस्त होत नाही. त्याऐवजी पायऱ्यांची पुली बसवून घ्या. पट्टा एका पायरीवरून दुसरीवर टाकला की वेग बदलतो. शिलाई मशीनचा पट्टा चढवलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

आणि मशीन ठरवण्याआधी घासपट्टा शोधा. ज्या लांबीचा पट्टा शहरात सहज मिळतो किंवा जोडून मिळतो, त्या लांबीचं मशीन करा. नाहीतर तीन महिन्यांनी पट्टा संपतो आणि मशीनवर कपडे वाळत पडतात. पट्ट्याच्या पाठीवर नंबर असतो. 40 किंवा 60 खपली काढायला, 120 उतरण सारखी करायला, 240 आणि 400 चमकेला. आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा लावायचा नाही. दर नंबरला पातं थोडं तिरपं धरा, म्हणजे जुने ओरखडे वेगळ्या दिशेला दिसतात. खुरप्याला, विळ्याला 120 वर थांबा. मातीत जाणाऱ्या वस्तूला आरशासारखी चमक देऊन पट्टे संपवायचे कशाला? विळी, सुरी स्वयंपाकघरात जाते, तिला पुढचे नंबर. गुळगुळीत झालेला पट्टा काटकसर म्हणून दाबून वापरू नका. तो घासत नाही, नुसता तापवतो. पट्ट्याचे पैसे वाचतात आणि पातं जळतं.

बफचं चाक, ते कापडी, चकाकी आणणारं, सध्या घेऊच नका. दिसायला मऊ, पण धार त्यात रुतली की पातं हिसकावून जोरात फेकतं. पुढे कधी घेतलंत तर धार नेहमी चाकाच्या फिरण्याच्या दिशेला, चाकाच्या खालच्या अर्ध्या भागावर, आणि समोर कुणी उभं नाही ना हे पाहून.

आता अंगाकडे येऊ. ही सगळी मशीनं शर्ट-पॅन्ट घातलेल्या, उभ्या राहून काम करणाऱ्या पुरुषाच्या मापाने बनतात. 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 22 होतं. चालत्या यंत्राची तपासणी, तेलपाणी हे काम घट्ट कपडे घातलेल्या, खास शिकवलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करावं, आणि बाईने चालत्या यंत्राची अशी सफाई, तेलपाणी करू नये, असं त्यात लिहिलेलं होतं. धोका कपड्याचा आहे, हे कायदा करणाऱ्यांना कळत होतं. मग बाईलाही घट्ट कपडे आणि शिक्षण द्या, असं लिहिता आलं असतं. त्यांनी बाईलाच बाहेर ठेवलं. तो कायदा आता नव्या कामगार संहितेत गेला, आणि रस्त्यावरच्या पालाला तो तसाही कधी लागला नव्हता.

तेव्हा आपली सोय आपणच करायची. पदर कमरेला घट्ट खोचायचा, त्यावर जाड सुती किंवा चामडी ॲप्रन. स्वस्त सिंथेटिक साडी ठिणगीने वितळून अंगाला चिकटते, म्हणून मशीनवर सुतीच. वेणीचा आंबाडा, त्यावर रुमाल. बांगड्या काढायच्या. मंगळसूत्रही काढून पेटीत ठेवायचं. यावर घरात बोलणं होईल, मला माहीत आहे. सासूबाईंना सांगा, मोटरला सौभाग्य कळत नाही. डोळ्यांना गॉगल, उन्हाचा नव्हे, कडेने बंद असलेला. मशीनची उंची तुमच्या कोपराच्या जरा खाली. तुम्ही बसून काम करणार असाल तर स्टुलावर बसून ती उंची मोजून चौकट बनवून घ्या. जमिनीवर उकिडवं बसून मशीन चालवायचं नाही, कारण ठिणग्या मांडीवर येतात आणि काही झालं तर पटकन उठता येत नाही.

छातीचं तर विशेष सांगते. इंग्लंडमधलं शेफिल्ड हे सुऱ्या-कात्र्यांचं गाव. तिथे वाळूच्या दगडाच्या चाकांवर पाती घासणाऱ्या पुरुषांबद्दल एंगल्सने 1845 च्या पुस्तकात लिहून ठेवलंय: कोरडं घासणारे सरासरी जेमतेम 35 वर्षं जगत, पाण्यावर घासणारे क्वचित 45 च्या पुढे. त्याच गावात चमच्या-काट्यांना चमक देण्याचं काम बायका करत. बफर गर्ल्स म्हणत त्यांना. अंगाला तपकिरी कागद गुंडाळून, डोक्याला रुमाल बांधून त्या चाकासमोर उभ्या राहत आणि संध्याकाळी काळ्याकुट्ट होऊन घरी जात. पाती चमकवणं बाईला जमेल का, असं कुणी विचारलं तर त्यांची आठवण द्या. पण त्यांच्या अंगावरचा कागदही आठवा, कारण तो त्यांनी स्वतःच गुंडाळला होता. आजचे दगड आणि पट्टे बहुतेक कृत्रिम आहेत, वाळूच्या दगडाइतके घातक नाहीत. तरी लोखंडाची बारीक पूड फुप्फुसात जायला नकोच. तोंडाला पदर बांधून ती अडत नाही. एन-95 मास्क लागतो, तो करोनाच्या साथीपासून औषधाच्या दुकानात मिळतो. बाळाची झोळी आणि भाकरीचं टोपलं वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवा, आणि मशीनवरचे कपडे झटकल्याशिवाय लेकराला घेऊ नका.

विजेचं थोडक्यात. पाण्याची बादली आणि मोटर शेजारी शेजारी, हात ओले. अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर, 30 मिलीॲम्पिअरचा, याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. आकडा टाकून तर नाहीच. जागेचा कागद नाही म्हणून मीटर नाही, मीटर नाही म्हणून मशीन नाही, ही आपल्या भटक्या कुटुंबांची खरी अडचण आहे. ती एकटीने सुटणारी नाही. म्हणून गटाचं मशीन जिच्याकडे कायदेशीर जोडणी आहे तिच्या घरी ठेवायचं की गटाने गाळा भाड्याने घ्यायचा, हे आधी ठरवा.

शेवटी पैसा आणि नाव. सप्टेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. 18 धंद्यांत लोहारकाम आहे. थोड्या दिवसांचं प्रशिक्षण, त्या काळात रोजचे 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं व्हाउचर, आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाखापर्यंत, ते फेडल्यावर 2 लाखांपर्यंत कर्ज. पण त्यात एक अट आहे, ती नीट ऐका. एका कुटुंबातून एकालाच लाभ. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. फॉर्म भरायला जोडपं गेलं की काउंटरवरचा मुलगा न विचारता कुणाचं नाव लिहील, हे मी सांगायला नको. एकदा त्याचं नाव लागलं की तुमचा रस्ता बंद. उद्या तो दारूपायी मशीन विकेल, किंवा तुम्हाला घराबाहेर काढेल, तेव्हा मशीन त्याचं असेल आणि तुमच्याकडे घणाने धरलेला खांदा.

तेव्हा नोंदणी तुमच्या नावावर करा. ‘तुम्ही लोहार कुठं?’ असं कुणी विचारलं तर हाताचे घट्टे दाखवा, आणि त्याआधी गटाच्या ठरावाची प्रत, कामाचे फोटो, बाजारातल्या विक्रीची वही बरोबर न्या. पुरुषांना मशीन चालवू द्यायचं की नाही? जरूर द्या, ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या भाड्याने, वहीत सही करून. पट्टा बदलणं, चाक सरळ करणं, पुली बदलणं गटातल्या किमान तिघींना आलंच पाहिजे. दुरुस्तीसाठी दर वेळी दिराला हाक मारावी लागली तर मशीन दिराचं झालंच म्हणून समजा.

एक सावधगिरीचं. चकचकीत पाती जमायला लागली की कुणीतरी येऊन शोभेचा खंजीर, लांब पातं बनवून मागेल आणि भाव चांगला देईल. घरगुती आणि शेतीच्या अवजारांना सूट आहे, पण इतर धारदार पातं 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद असलं की शस्त्र कायद्यात येतं. पोलीस पालावर येतात तेव्हा गिऱ्हाईक तिथे नसतं.

बाहेर मांडवात दोन मशीनं मांडली आहेत, एक टेबल ग्राइंडर आणि एक पट्ट्याचं. दोन्हींवर पाट्याचा एकेक तुकडा घासून, रंग कुठे आधी बदलतो ते स्वतः पाहायचं आहे. ज्यांनी कधीच बटण दाबलेलं नाही त्या आधी येतील, ज्यांना येतं त्या शेजारी उभ्या राहतील. केस बांधा, बांगड्या इथे ताटात काढून ठेवा. ताटाशी कोण बसतंय?